उतरत्या छपराच्या वाशांचे संगणकीय प्रतिमान : एक भूमितीय विवेचन

प्रस्तावना

इमारतीचा आराखडा आता केवळ रेषांचा राहिलेला नाही. रेव्हिटसारख्या आज्ञावलीत भिंत, तुळई, वासा हे घटक त्रिमितीत उभे राहतात व त्यांवरूनच लाकडाचे परिमाणपत्रक तयार होते. कोकणातील व गोव्यातील कौलारू घरांची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करताना हे साधन उपयुक्त ठरते. तथापि या आज्ञावलीची मूळ मांडणी सपाट मजल्यांची आहे. त्यामुळे उतरते छप्पर रेखाटताना जे प्रश्न उद्भवतात, त्यांचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विषय स्थापत्याचा असला तरी त्याचा गाभा शालेय त्रिकोणमितीचा आहे.

कार्यप्रतलाची निवड

समान अंतरावर वासे बसविण्यासाठी रेव्हिटमध्ये ‘बीम सिस्टिम’ ही सोय आहे. नकाशाच्या दृश्यात ती वापरल्यास कार्यप्रतल आडवे असते, म्हणून वासेही आडवेच पडतात. यावर उपाय असा की, छेददृश्यात छपराच्या उताराला समांतर संदर्भप्रतल आखावे, त्यास नाव द्यावे आणि तेच कार्यप्रतल म्हणून निवडावे. नंतर पाख्याची सीमा रेखाटून वाशांची दिशा आढ्याकडून वळचणीकडे ठेवावी. छपराचा कोन पुढे बदलल्यास हे प्रतल सामान्यतः आपोआप फिरत नाही. ते स्वतंत्रपणे फिरवावे लागते. प्रतिमानात वासे कौलांतून वर आलेले दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरे कारण वाशाच्या जाडीचे. संदर्भरेषा वाशाच्या मध्यातून जात असेल, तर वाशाचा निम्मा भाग प्रतलाच्या वर राहतो. १०० मि.मी. खोलीचा वासा ३०° उतारावर उभ्या रेषेत मोजला असता सुमारे ११५ मि.मी. भरतो. म्हणून पातळीतील फरक देताना ५० नव्हे, तर सुमारे ५८ मि.मी. द्यावा लागतो. संदर्भरेषा वाशाच्या वरच्या कडेस घेतल्यास ही आकडेमोडच टळते.

नकाशावरील अंतर व उतारावरील अंतर

एका पाख्यावरील वासे परस्परांना समांतर असल्याने त्यांच्यातील अंतर नकाशात व प्रत्यक्षात सारखेच राहते. रिपांचे तसे नाही. त्या उतारावर एकाखाली एक येतात. समजा, कौल ४१० मि.मी. लांबीचे आहे व रिपा उतारावर ३२० मि.मी. अंतराने हव्या आहेत. तर नकाशात हे अंतर २७७ मि.मी. दिसावयास हवे. आडव्या नकाशावरच ३२० हा आकडा भरला, तर उतारावरील अंतर सुमारे ३७० होते आणि कौलांचा एकमेकांवरील चढाव ९० वरून ४० मि.मी.वर येतो. कोकणातल्या वाऱ्यापावसात एवढा चढाव पाणी अडविण्यास अपुराच म्हणावा लागेल. पडद्यावर मात्र दोन्ही छपरे सारखीच नेटकी दिसतात.

भारगणनेतही हाच भेद आहे. कौलांचे वजन उताराच्या क्षेत्रफळावर मोजले जाते. ते दर चौरस मीटरला ०.६५ किलोन्यूटन धरल्यास आडव्या क्षेत्रफळावर ०.७५ होते. याउलट आयएस ८७५ (भाग २, १९८७) मधील आरोपित भार आडव्या क्षेत्रफळावर धरावयाचा असून, १०° पुढील प्रत्येक अंशास ०.०२ वजा होऊन तो ०.७५ वरून किमान ०.४० पर्यंत उतरतो.

कोनवासा

चारपाखी छपरात खरी कसोटी कोनवाशाची. दोन्ही पाख्यांचा उतार ३०° व वळचण ते आढे आडवे अंतर ३ मीटर असल्यास साधा वासा ३.४६ मीटर लांबीचा होतो. कोनवासा मात्र नकाशात ४.२४ मीटर व प्रत्यक्षात ४.५८ मीटर भरतो, आणि त्याचा उतार ३०° नसून सुमारे २२° असतो. त्याला टेकणारे आखूड वासे ६०० मि.मी. अंतरावर असतील, तर प्रत्येकाची लांबी आधीच्यापेक्षा ६९३ मि.मी.ने कमी होते. गुण्या लावून छाट ठरविणाऱ्या सुतारास हे हिशेब नवे नाहीत. नवे आहेत ते आपल्या विद्यार्थ्यांना.

परिमाणपत्रक काढताना रेव्हिट ‘लेंग्थ’ व ‘कट लेंग्थ’ अशा दोन लांब्या देते. पहिली संदर्भरेषेची असते, दुसरी जोडाजवळील छाटणी धरून येते. दोन्ही टोके उभी छाटलेल्या १०० मि.मी. खोलीच्या वाशास ३०° उतारावर कडेच्या लांबीपेक्षा आणखी ५८ मि.मी. लाकूड लागते; लाकडाची मागणी नोंदविताना हे तपासून घ्यावे.