सातारा-सांगलीच्या आकाशातील ग्रहीय अभ्रिका

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपत आले की त्याची बाह्य आवरणे अवकाशात विखुरतात. उरलेल्या तप्त गाभ्याच्या अतिनील किरणांनी तो वायू उजळतो. यालाच ग्रहीय अभ्रिका म्हणतात. ग्रहांशी तिचा संबंध नाही. दुर्बिणीतून ती ग्रहाच्या बिंबासारखी दिसते, म्हणून विल्यम हर्शेल यांनी अठराव्या शतकात हे नाव रूढ केले. अशी अभ्रिका वायुरूप असल्याचे विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये वर्णपटावरून दाखविले.

काय व कसे पाहावे

अभिजित ताऱ्याजवळ, स्वरमंडल समूहातील बीटा व गॅमा या ताऱ्यांच्या दरम्यान कंकणाकृती अभ्रिका आहे. सुमारे १० सें.मी. व्यासाच्या दुर्बिणीतून शंभरपट वर्धनाने ती धुराच्या लहान कड्यासारखी दिसते. महाराष्ट्रात सातवाहनांची सत्ता येण्यापूर्वी निघालेला हा प्रकाश होय. जंबूक समूहातील डमरूसारखी अभ्रिका अधिक ठळक असून मेसिए यांनी ती १७६४ मध्ये नोंदविली. या जिल्ह्यांत ती जवळजवळ डोक्यावरून जाते.

छायाचित्रांतील रंग डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो करडा उजेड. निरीक्षणापूर्वी वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत, बॅटरीवर लाल कागद लावावा आणि अभ्रिकेकडे थेट न पाहता किंचित बाजूला दृष्टी ठेवावी.

ऋतू आणि अंधार

जुलै-ऑगस्टच्या रात्री या अभ्रिका उंचावर असतात. परंतु त्याच वेळी सह्याद्रीवर ढग दाटलेले असतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरची सायंकाळ किंवा एप्रिल-मे महिन्यांतील पहाटेपूर्वीची वेळ निवडावी. चंद्रप्रकाश मात्र नसावा. पर्जन्यछायेतील माण, आटपाडी, जत या तालुक्यांत पावसाळ्यातही पश्चिम भागापेक्षा निरभ्र रात्री अधिक मिळतात.

खरी अडचण वाढत्या कृत्रिम उजेडाची आहे. आकाशाकडे जाणारा दिव्याचा प्रकाश रस्त्याच्या उपयोगी पडत नाही; त्यात वीज व्यर्थ जाते आणि मंद अभ्रिका लोपतात. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला. त्यासाठी परिसरातील गावांचे शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे वळविण्यात आले. दिव्यांना वरून आच्छादन घालणे ग्रामपंचायतींना सहज शक्य आहे. गावाचा रस्ता उजळ ठेवूनही आकाश काळे राखता येते. मग शाळेच्या अंगणातील लहान दुर्बीणही विद्यार्थ्यांना ताऱ्याचा अंत प्रत्यक्ष दाखवू शकेल.