विसरणं कुठवर वयाचं?

- ओळखीचं नाव उशिरा आठवणं वयाचं. नेहमीच्या बाजारातून घरची वाट न सापडणं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं डॉक्टरांकडून तपासून घेण्याचं.
- डिमेन्शिया हा अशा लक्षणांचा समूह. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. जर्मन डॉक्टर आलोईस अल्झायमर यांनी १९०६मध्ये या आजाराच्या पहिल्या रुग्णाची माहिती वैद्यकीय सभेत मांडली.
- बी-१२ची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य: यांतून आलेला विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. शाकाहारी घरांत बी-१२कडे विशेष लक्ष हवं.
- ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा आयोग, २०२४: बदलता येण्याजोगे १४ धोके. ते दूर झाले, तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. यादीत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा. आणि घरोघरी थट्टेवारी नेलं जाणारं कमी ऐकू येणंही.
- जागतिक अल्झायमर दिन: २१ सप्टेंबर.