फोडणाऱ्याची पारख

घर बांधायचं म्हटलं की आपण दहा जणांना विचारतो, आर्किटेक्टकडे खेटे घालतो, सिमेंटच्या गोणीवरची तारीखसुद्धा वाचतो. पण आवारातलं जुनं काँक्रीट काढायचं ठरलं, की नाक्यावरून चार माणसं आणि भाड्याचा एक ब्रेकर आणला म्हणजे झालं, अशी आपली समजूत असते. फोडायला काय अक्कल लागते?

लागते, आणि चांगलीच लागते. बांधणाऱ्याला मोकळी जागा मिळते. फोडणाऱ्याच्या समोर जे असतं त्यातलं थोडंच दिसतं. चार इंच काँक्रीटखाली पाण्याची लाइन असते, ड्रेनेजचा पाइप असतो, मीटरकडे जाणारी केबल असते. एका बाजूला घराचं जोतं, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याशी सामाईक कंपाउंड वॉल, कोपऱ्यात आंब्याची मुळं. यातलं फक्त काँक्रीट जायला हवं आणि बाकीचं जागच्या जागी राहायला हवं. काय फोडायचं नाही हे ज्याला कळतं, तोच या कामातला कसबी माणूस.

थरावर थर

पुण्यात १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर सहकारनगर, गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढच्या दोन-तीन दशकांत कोथरूड, कर्वेनगरचे प्लॉट बंगल्यांनी भरले. सुरुवातीला या घरांभोवती माती होती. पावसाळ्यातला चिखल आणि माजणारं गवत यांना कंटाळून कुणी शहाबादी फरशी घातली, कुणी कोबा केला. पुढे दारात चारचाकी आली, तिच्या वजनाने कोबा फुटला, म्हणून त्याच्यावरच काँक्रीट ओतलं. खालचं काढायचा खर्च वाचला, पण प्रत्येक थरागणिक आवार तीन-चार इंच वर चढलं.

घर मात्र आहे तिथेच राहिलं. जोत्याच्या वर भिंतीत ओल चढू नये म्हणून ओलरोधक थर घातलेला असतो. आवाराची पातळी त्याच्या वर गेली, की पावसाचं पाणी त्या थराला वळसा घालून थेट विटांच्या भिंतीत शिरतं. मग आतल्या खोलीचा रंग दर पावसाळ्यानंतर फुगतो, पापुद्रे सुटतात आणि दोष रंगाऱ्याला दिला जातो. पाणी मुरायला जागा नसल्यामुळे बोअरवेल लवकर आटते, ते निराळंच. झाडांचे हाल तर बुंध्यापाशी दिसतात. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकायला सांगितलं, ते यामुळेच.

ब्रासचा हिशेब

ठेकेदार दर सांगायला लागला की बरेच जण गांगरतात. चौरस फुटाचा दर बोलला जातो, पण जाडी कुणी विचारत नाही. या व्यवहाराचं खरं माप ब्रास आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ३०० चौरस फुटांचं आवार आणि ४ इंच जाडी असेल, तर काँक्रीट बरोबर एक ब्रास भरतं. त्याचं वजन पावणेसात टनांच्या आसपास जातं. जाडी ६ इंच निघाली तर तेच काम दीडपट होतं.

शिवाय फोडलेला माल फुगतो. तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यामुळे एक ब्रास घट्ट काँक्रीटचा ढीग सहज दीड ब्रास होतो. पाऊण टन वाहणाऱ्या छोट्या टेम्पोला या एवढ्याशा आवारासाठी नऊ खेपा माराव्या लागतात. ‘दोन खेपांत उरकतो’ असं कुणी म्हणाला, तर एक तर त्याला अंदाज नाही, नाही तर टेम्पो कुठे रिकामा करायचा हे त्याने आधीच ठरवलेलं आहे.

म्हणून दरपत्रकात फोडाई, भराई आणि वाहतूक हे तिन्ही आकडे वेगवेगळे मागावेत. एकच गोळा आकडा देणाऱ्याच्या बाबतीत फोडाई स्वस्त दिसते आणि काम संपल्यावर राडारोडा फाटकाबाहेर पडून राहतो.

पाहणीला आलेला माणूस

चांगला ठेकेदार फोनवर दर देत नाही. तो येतो आणि आधी हातोडीने जमीन वाजवून बघतो. बद्द आवाज आला तिथे खालची माती खचलेली असते. मग तो ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं उघडायला लावतो. एका चेंबरमध्ये पाइप कुठल्या बाजूने येतो, दुसऱ्यात कुठून निघतो, हे पाहून दोघांच्यामधली रेघ खडूने जमिनीवर ओढतो. तशीच रेघ पाण्याच्या मीटरपासून टाकीपर्यंत आणि विजेच्या खांबापासून मीटरपेटीपर्यंत. पाइप गॅस असेल तर गॅस कंपनीच्या माणसाला बोलावून लाइन दाखवून घ्यायला सांगतो. शेवटी एका कोपऱ्यात फूटभर खड्डा घेऊन जाडी मोजतो आणि आत सळई किंवा जाळी आहे का ते पाहतो. एवढं झाल्यावर तो जो दर देईल त्याला अर्थ असतो.

काम सुरू करतानाही त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी कटरने जोत्यालगत आणि कंपाउंडलगत खाच मारून काँक्रीट भिंतीपासून सुटं करायचं. नाही तर ब्रेकरचा हादरा सरळ भिंतीत जातो आणि प्लास्टरला तडे जातात. मग मोकळ्या कडेपासून आत सरकत जायचं, म्हणजे तुकड्याला सुटायला जागा मिळते. मधोमध घाव घालत बसलं की यंत्रही शिणतं आणि माणूसही. खडूच्या रेघांवर यंत्र बंद आणि छिन्नी-हातोडा सुरू. झाडाच्या बुंध्याजवळही तसंच, हाताने. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं, हे जेसीबीवाल्याला कुणीतरी सांगायला हवं.

गच्ची आणि बाथरूम

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा या विषयाशी संबंध येतो तो गच्चीवर. गळती थांबवण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा गळायला लागलं की त्याच्यावर दुसरा. साडेचार इंचांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे जातं. वावर असलेल्या गच्चीवर माणसं-सामान मिळून चौरस मीटरला १५० किलोचा भार धरावा, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे दुसरा कोबा घालून आपण अख्ख्या गच्चीवर बारा महिने चोवीस तास माणसांची गर्दी उभी केलेली असते.

जुना कोबा काढणं म्हणूनच शहाणपणाचं आहे. पण तो काढताना होणारी एक चूक फार महागात पडते. फोडलेला माल खाली न्यायला वेळ लागतो, म्हणून तो गच्चीच्या मध्यभागी रचला जातो. दोन फूट उंचीचा ढीग चौरस मीटरला सातशे किलोपेक्षा जास्त भार टाकतो, आणि स्लॅब सगळ्यात जास्त वाकतो तो मधेच. रोजचा माल रोज खाली उतरला पाहिजे. तोवर तो पातळ पसरून, तुळयांच्या वर, गोण्यांत भरून ठेवावा. पॅरापेट वॉलला टेकून रचू नये आणि वरून फेकू तर मुळीच नये.

बाथरूमच्या फोडाफोडीतही हाच विवेक लागतो. भराव आणि कोब्याच्या खाली जेमतेम साडेचार-पाच इंचांचा स्लॅब असतो. रस्ता फोडायचं अवजड यंत्र तिथे लावलं की खालच्या घराच्या छताचे पोपडे पडतात आणि सोसायटीत वर्षभर पुरणारं भांडण सुरू होतं. कोबा हलक्या यंत्राने काढावा आणि स्लॅबवरचा शेवटचा इंच छिन्नीने. वेळ म्हणाल तर गच्ची उघडायची ती दिवाळीनंतर. होळीपर्यंत फोडाई आणि नवं वॉटरप्रूफिंग दोन्ही उरकतं. वैशाखात उघडलेली गच्ची वळवाच्या पहिल्या सरीला सापडते.

आरसीसीची लक्ष्मणरेषा

आवारातला कोबा, पीसीसी, पायवाट हे ठेकेदाराचं काम. पण सळई असलेला सज्जा, जिना, बाल्कनी किंवा कॉलमभोवतीचं सुटलेलं काँक्रीट काढायचं असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ताज्या काँक्रीटची अल्कता सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपून ती अल्कता घटवतो. मग सळई गंजते, गंज जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटतं. असं काँक्रीट काढताना आजूबाजूला टेकू लावावे लागतात. सज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, तिच्यावरचं काँक्रीट बिनटेकूचं फोडलं तर सज्जाच खाली येतो, आणि त्याखाली फोडणाराच उभा असतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण सांगितलं आहे. त्या अहवालात काय काढायचं आणि किती काढायचं हे लिहिलेलं असतं. ठेकेदाराच्या हातात आधी तो कागद द्यावा.

धूळ कुणाच्या छातीत

काँक्रीट फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे अगदी बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. खाणीत, क्रशरवर काम करणाऱ्यांचा म्हणून तो ओळखला जातो, पण बंद बाथरूममध्ये तोंडाला रुमाल बांधून ब्रेकर चालवणारा पोरगाही तीच धूळ ओढत असतो. रुमालाने हे कण अडत नाहीत. एन-९५ मास्क लागतो आणि फोडताना पाण्याचा बारीक फवारा लागतो. मात्र पाणी बेताने. सिमेंटचा गाळ ड्रेनेजमध्ये गेला की तिथेच थिजून बसतो. त्यामुळे आधी चेंबरच्या तोंडाशी गोणपाट कोंबावं.

आवाजाचं म्हणाल, तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. ब्रेकरचा आवाज तिच्या कितीतरी वर जातो. परीक्षा, दुपारची झोप, शेजारचे आजारी आजोबा यांचा विचार करून वेळ ठरवावी आणि दोन दिवस आधी दारोदार सांगून यावं. सांगितलेला त्रास लोक सोसतात, न सांगितलेल्याची तक्रार होते.

महाराष्ट्रात दगड फोडण्याचं, माती उपसण्याचं कष्टाचं काम पिढ्यानपिढ्या वडार समाजाने केलं. पहार कुठे घातली की दगड सुटेल, ही नजर त्यातून आली. आज हातात यंत्र असलं तरी ती नजर असलेला माणूस निम्म्या घावांत काम करतो. त्याच्या अंगावर गॉगल, हातमोजे, बूट आहेत का आणि ठेकेदाराने कामगारांचा अपघात विमा काढलाय का, हे बघणं घरमालकाचं काम आहे. अपघात तुमच्या आवारात झाला तर चौकशीला पोलीस तुमच्याच दारात येतात.

राडारोडा जातो कुठे

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच. पुण्यात रात्री मुठेच्या पात्रालगत आणि मुंबईत खाडीकाठच्या खारफुटीत रिकामे होणारे डंपर कुणा ना कुणाच्या घरातूनच निघालेले असतात. बांधकाम राडारोड्याबाबत केंद्राने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनी तो गोळा करून ठरलेल्या जागी पोचवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांपुढे जाणाऱ्यांसाठी अटी आणखी कडक होत्या. त्यांनी काँक्रीट, माती, विटा आणि लाकूड-लोखंड-प्लास्टिक वेगवेगळं करायचं होतं. मघाच्या हिशेबाने नऊशे चौरस फुटांचं आवार एका दिवसात साफ केलं, तरी २० टनांचा आकडा ओलांडला जातो.

हा माल कचरा नाहीच. पुण्याचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीत आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीत. तिथे काँक्रीट भरडून खडी आणि वाळू काढतात, त्यांचे पेव्हर ब्लॉक होतात. भारतीय मानक ३८३ ने २०१६ पासून अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत वापरायला मुभा दिली आहे. घरच्या घरीही उपयोग होतो. नवी पायवाट करायची असेल तर निघालेले तुकडे सोलिंगला घालावेत, तेवढ्या खेपा वाचतात. बाग करायची असेल तर मात्र खालचा दबलेला मुरूम आणि सिमेंटची भुकटी वीतभर खरवडून काढावी आणि मग पोयटा भरावा. त्या अल्कधर्मी मातीत जास्वंदही तग धरत नाही.

आरसीसीतून सळई निघते. एक घनमीटर स्लॅबमध्ये साधारण ८० ते १०० किलो. ती भंगारात कोण विकणार हे आधी ठरवावं. ठेकेदार नेणार असेल तर तेवढे पैसे त्याच्या बिलातून वजा व्हायला हवेत.

आता कागद. दोन पानांचा करार पुरतो. जाडीसकट ब्रासचं माप, हाताने फोडायच्या जागा, पाइप किंवा केबल तुटली तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, कामाच्या वेळा, विमा, भंगार आणि राडारोड्याचं ठिकाण, एवढं त्यात लिहावं. पैसे तीन हप्त्यांत द्यावेत आणि शेवटचा हातात ठेवावा. काम झाल्यावर सगळे नळ सोडून चेंबरमध्ये पाणी नीट वाहतंय का ते बघावं, आणि प्रक्रिया प्रकल्पाच्या वजनकाट्याची पावती मागावी. पावती नाही तर शेवटचा हप्ता नाही. ही अट ऐकून ज्याच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत, काम त्याला द्यावं, मग त्याचा दर दोन पैसे जास्त असला तरी.