अपडेटनंतर नेटबुक सुरू होईना? आधी हिशोब वाचवा, मग यंत्र

सकाळी दुकान उघडले, गल्ल्याशेजारचा छोटा संगणक सुरू केला, आणि पडदा काळाच राहिला. काल रात्री दुकान वाढवताना त्याने अपडेट करू का असे विचारले होते व आपण होकार दिला होता. आत गिऱ्हाइकांची उधारी आहे, कारागिरांना दिलेल्या उचलीची नोंद आहे, आणि जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरायची २० तारीख तोंडावर आली आहे. दुरुस्तीवाला येतो, एकदा बटण दाबतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल." आपण घाबरून हो म्हणतो. जो हिशोब त्या क्षणापर्यंत शाबूत होता, तो आपल्या त्या एका होकाराने पुसला जातो.

म्हणून सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संगणक चालवणारी यंत्रणा वेगळी आणि आपण लिहिलेला हिशोब वेगळा. दुकानाचे शटर अडकले म्हणून आतला माल जळत नाही. लिनक्समध्ये आपल्या फायली 'होम' नावाच्या स्वतंत्र कप्प्यात राहतात आणि नेहमीचे अपडेट त्या कप्प्याला हात लावत नाही.

बिघाड का होतो?

२००७ साली आसुस कंपनीने ई-पीसी नावाचा सात इंची पडद्याचा स्वस्त संगणक लिनक्ससह बाजारात आणला व नेटबुक हा प्रकार रूढ झाला. या संगणकांत साठवणीची जागा फार थोडी असे. पहिल्या ई-पीसीच्या गाजलेल्या नमुन्यात ती अवघी चार जीबी होती. अपडेट करताना नवा माल आधी उतरवून घ्यावा लागतो आणि जुना नंतर हलवला जातो. गोदामच भरलेले असेल तर काम अर्धवट राहते. दुसरे कारण विजेचे. अपडेट चालू असताना वीज गेली आणि जुन्या नेटबुकची बॅटरी तग धरू शकली नाही, तर काही भाग नवे व काही जुने अशी खिचडी होते.

तिसरे कारण म्हणजे अपडेटच सदोष असणे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील 'मेल्टडाऊन' नावाची त्रुटी झाकण्यासाठी उबंटूने घाईने नवे कर्नेल दिले. कर्नेल म्हणजे यंत्र आणि त्यावरचे कार्यक्रम यांच्यामध्ये उभा असलेला मुकादम. उबंटू १६.०४ च्या त्या नव्या कर्नेलने कित्येक संगणक सुरूच होईनात, आणि लगोलग दुरुस्त कर्नेल द्यावे लागले. दरम्यान ज्यांना जुन्या कर्नेलने संगणक सुरू करणे ठाऊक होते, त्यांचे काम थांबले नाही. ती युक्ती प्रत्येकाने शिकून ठेवावी अशी आहे.

आधी निदान

बटण दाबल्यावर कंपनीचे नावही उमटत नसेल, तर दोष बहुधा अपडेटचा नाही. चार्जर, बॅटरी, रॅम तपासावी. नाव उमटून पुढे पडदा काळा राहत असेल, तर कर्नेलचा किंवा चित्र दाखवणाऱ्या भागाचा संशय घ्यावा. पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा पासवर्डच विचारला जात असेल, तर अनेकदा जागा पूर्ण भरलेली असते. 'ग्रब रेस्क्यू' अशी अक्षरे येऊन थांबले, तर सुरुवात करून देणारा भाग हरवला आहे. या शेवटच्या तिन्ही प्रकारांत हिशोब बहुधा सुरक्षित असतो.

पहिली पायरी : जुना मुकादम

उबंटू, मिंट, डेबियन यांसारख्या लिनक्समध्ये नवे कर्नेल आले तरी आधीचे सहसा ठेवलेले असते. नेटबुक सुरू करताच शिफ्टची कळ दाबून धरावी. नव्या धाटणीच्या संगणकांत एस्केप दाबावी लागते. यादी दिसली की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' ही ओळ निवडावी. तेथे कर्नेल क्रमांकानुसार दिसतात. वरून दुसऱ्या क्रमांकाचे, 'रिकव्हरी' असे न लिहिलेले निवडावे. संगणक सुरू झाला तर आनंदाच्या भरात लगेच बिले करायला बसू नये. प्रथम हिशोबाच्या फायली पेनड्राईव्हवर उतरवून घ्याव्यात.

दुसरी पायरी : पेनड्राईव्हवरून संगणक

जुने कर्नेलही चालले नाही, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा चालता पेनड्राईव्ह तयार करून घ्यावा. तो लावून सुरू करताना कंपनीनुसार एस्केप, एफ-९ किंवा एफ-१२ दाबले की कोठून सुरू करायचे ते विचारले जाते. पुढे 'ट्राय' निवडावे, 'इन्स्टॉल' नव्हे. या दोन शब्दांतला फरक म्हणजे माल पाहणे आणि दुकान रिकामे करणे यातला फरक आहे. आतली डिस्क उघडून 'होम' कप्पा दुसऱ्या पेनड्राईव्हवर उतरवावा, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून फायली खरोखर वाचता येतात हे पाहावे. डिस्कला कुलूपबंद सांकेतिक रूप दिले असेल तर त्याचा पासवर्ड लागेल. तो लिहून ठेवलेला असावा.

तिसरी पायरी : दुरुस्ती

हिशोब हाती आला की मग यंत्राकडे वळावे. त्याच यादीतली 'रिकव्हरी मोड' ही ओळ निवडली की उबंटूत एक छोटी यादी येते. नेटबुकला राऊटरची तार जोडावी, कारण या अवस्थेत वायफाय बहुधा चालत नाही. क्रम असा ठेवावा : 'एफएससीके' डिस्क तपासते, 'क्लीन' जागा मोकळी करते, 'नेटवर्क' इंटरनेट जोडते, 'डीपीकेजी' अर्धवट राहिलेले अपडेट पुरे करते, आणि 'ग्रब' सुरुवातीची यादी नव्याने लिहिते. शेवटी 'रिझ्यूम' निवडून संगणक सुरू करावा व एकदा रीतसर बंद-चालू करून पाहावा. सगळे ठीक झाले पण वायफाय दिसेना, तर मोबाईल केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. एवढ्यानेही काम न झाल्यास नव्याने लिनक्स टाकायला हरकत नाही. आता त्यात गमावण्यासारखे काही उरलेले नसते.

यापुढची काळजी

२००८ च्या सुमाराच्या अनेक नेटबुकांत ॲटम एन-२७० हा प्रोसेसर आहे. तो ३२-बिट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा संगणकांसाठी कर्नेल व संस्थापन संच देणे थांबवले. त्यांच्यावर डेबियन १२ असेल तर १३ वर नेण्याचा खटाटोप करू नये. चालता पेनड्राईव्ह बनवतानाही ३२-बिटचाच घ्यावा.

मिंटमधील 'टाइमशिफ्ट' यंत्रणेची प्रत ठेवते, परंतु आपण वेगळे सांगितल्याशिवाय 'होम' कप्प्याची ठेवत नाही. तेव्हा तिच्या भरवशावर हिशोब सोडू नये.

अपडेट टाळणे हा मात्र उपाय नाही. संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील तर सुरक्षेचे अपडेट हवेच. ते बाजाराच्या आदल्या रात्री किंवा विवरणपत्राच्या तोंडावर करू नये, चार्जर लावून करावे, आणि आधी जागा किती शिल्लक आहे ते पाहावे. कोकणातल्या पावसाळ्यात तर वीज जाण्याचा भरवसा नसतो, तेथे बॅटरी भरल्याशिवाय अपडेटला होकार देऊच नये.

शेवटी, दुकान वाढवताना गल्ला मोजतो तसा हिशोबही रोज पेनड्राईव्हवर उतरवावा आणि तो पेनड्राईव्ह घरी न्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. आणि दुरुस्तीवाल्याकडे संगणक देण्याची वेळ आलीच, तर दर विचारण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : "आतल्या फायली आधी काढून द्याल ना?" ज्याचे उत्तर नाही असेल, त्याच्या दुकानाची पायरी उतरून पुढे जावे.