कंसातले उमरेड

विधानसभेच्या तारांकित प्रश्नांच्या यादीत आमदाराच्या नावापुढे त्याचा मतदारसंघ कंसात छापतात. उमरेड, कुही आणि भिवापूर या तालुक्यांतल्या माणसाला सरकारकडून लेखी उत्तर घ्यायचे असेल, तर त्याची हक्काची जागा म्हणजे तो कंस. मोर्चा काढता येतो, निवेदन देता येते, पेपरात बातमी लावता येते. पण निवेदनाला पोच मिळते, उत्तर मिळेलच असे नाही. सभागृहातल्या प्रश्नाला मात्र मंत्र्याच्या मान्यतेने उत्तर छापून द्यावे लागते, आणि सभागृहाची दिशाभूल केली असे दिसले तर हक्कभंगाची सूचना येऊ शकते.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. अमुक खात्याचे मंत्री ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग पहिला भाग, अमुक गावी अमुक घडले ‘हे खरे आहे काय’. दुसरा, ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’. आणि शेवटी, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरांचाही साचा आहे. ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही प्रगतिपथावर आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. वाचणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते, पण सगळा खेळ याच ओळींत आहे. पहिल्या भागात आमदाराने जर ‘रस्ता खराब आहे हे खरे आहे काय’ असे मोघम विचारले, तर खाते ‘हे खरे नाही’ लिहून मोकळे होते आणि पुढचे सगळे भाग एका फटक्यात ‘उद्भवत नाहीत’. तेच गावाचे नाव, कार्यादेशाचा दिनांक, मंजूर रक्कम आणि कामाची मुदत घालून विचारले, तर नाकारायला जागा उरत नाही. चांगला प्रश्न सभागृहात रंगत असेल, पण घडतो तो आधी, गावात कागद गोळा करताना. आमदाराकडे तो कागद कोणी तरी नेऊन द्यावा लागतो.

प्रश्न दाखल झाला की त्याचा उलटा प्रवास सुरू होतो. विधानमंडळ सचिवालयातून तो मंत्रालयातल्या खात्याकडे, तिथल्या कक्ष अधिकाऱ्याकडे, मग जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे आणि शेवटी तहसील, पंचायत समिती नाहीतर बांधकाम उपविभागात येतो. कचेरीत त्याला सगळे ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. ‘एलएक्यू आलाय’ म्हटल्यावर टेबलावरची बाकीची कामे बाजूला पडतात, कारण माहिती आजच्या आज द्यायची असते. महिनोन्‌महिने न हललेली फाइल या एका कागदाने उघडली जाते. मला प्रश्नोत्तराच्या तासाचे खरे मोल इथे दिसते. उत्तर यायच्या आधीच, उत्तर लिहावे लागणार या धाकाने, पुष्कळ कामे मार्गी लागतात. पण याची दुसरी बाजूही मोठी आहे. ज्या कार्यालयाच्या कामाबद्दल तक्रार आहे, बहुतेक वेळा त्याच कार्यालयाकडून उत्तराचा मजकूर येतो. मंत्री वाचतो ते त्या उपविभागाने स्वतःबद्दल लिहिलेले असते. म्हणून उपप्रश्नाला महत्त्व. छापील उत्तरानंतर आमदार उभा राहून जे विचारतो, तिथे खात्याने लिहून दिलेल्या टिपणापलीकडे मंत्र्याला जावे लागते.

हा उपप्रश्नाचा हक्क सहज मिळालेला नाही. १८९२च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उत्तर आले की विषय संपला, उपप्रश्न नाही. १९०९च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९च्या कायद्यानंतर तो हक्क इतर सभासदांनाही मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले मुंबईच्या कौन्सिलात आणि नंतर वरिष्ठ कौन्सिलात गेले ते पहिल्या टप्प्यात. त्यांनी आपला भर अंदाजपत्रकावरच्या भाषणांवर ठेवला, त्याचे एक कारण ही कोंडीच असावी. आपल्याकडे, नागपुरात, मध्य प्रांताचे कौन्सिल १९१४ साली बसले. म्हणजे उमरेडजवळच्या शहरात सरकारला जाब विचारण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे.

त्या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन तिथे जावे लागले, आणि पुढे कोर्टाचा निकाल यायला १९३७ साल लागले. सभागृहाने ‘हो’ म्हटले आणि गावाने ‘नाही’ म्हटले, तर त्यांच्यामधले अंतर कोणी तरी चालून काढावे लागते. उमरेड हा २००९पासून अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. तिथल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

उमरेडचे प्रश्न मोठे चमत्कारिक विभागलेले आहेत. कोळशाची उघडी खाण वेस्टर्न कोलफिल्ड्सची, म्हणजे केंद्राची. तिच्याबद्दल मुंबईत किंवा नागपुरात विचारले तर उत्तर येते, विषय केंद्राशी संबंधित आहे. मग रामटेकच्या खासदाराने दिल्लीत कोळसामंत्र्याला विचारायचे. पण खाणीच्या धुळीचे मोजमाप करणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याचे, जड वाहनांनी खचणारे गावरस्ते राज्याचे नाहीतर जिल्हा परिषदेचे, पुनर्वसनाची यंत्रणाही राज्याची. नागपूर–नागभीड छोटी गाडी २०१९च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. उमरेड, भिवापूरच्या कितीतरी घरांचा बाजार, कॉलेज, दवाखाना त्या गाडीवर चालला होता. ते काम महारेलकडे आहे, जी राज्य आणि रेल्वे यांची संयुक्त कंपनी. त्यामुळे प्रश्न दोन्ही सभागृहांत विचारता येतो, आणि दोन्हीकडून दुसरीकडे बोटही दाखवता येते. अशा वेळी आमदार आणि खासदार यांनी एकाच महिन्यात, एकाच मजकुराचा प्रश्न दोन ठिकाणी टाकणे हा सरळ उपाय आहे. दोन उत्तरे शेजारी ठेवली की कोणाचे काय राहिले ते उघड होते. पक्ष वेगळे असले तरी हे जमायला हरकत नसावी.

कऱ्हांडला अभयारण्याचे तसे नाही. ते २०१२ साली जाहीर झाले, सुमारे १८९ चौरस किलोमीटरचे, आणि वने हे खाते राज्याचे. ‘जय’ हा इथला वाघ देशभर गाजला आणि २०१६च्या एप्रिलनंतर दिसलाच नाही. त्या वेळी भंडारा-गोंदियाचे खासदार असलेले नाना पटोले यांनी चौकशीची मागणी केली, बातम्या आल्या, पण जयचे काय झाले याचे समाधानकारक उत्तर लोकांना मिळाले असे मी म्हणणार नाही. २०२४ सरता सरता पर्यटकांच्या जिप्सींनी इथल्या वाघिणीची आणि बछड्यांची वाट अडवल्याचे चित्रण पसरले. त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. कोर्टाने घेतली हे चांगलेच झाले. पण प्रशासनाला विचारण्याचे पहिले घर सभागृह आहे. ते रिकामे किंवा बंद असले की लोक कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

आता गोसीखुर्द. या लेखातला हा सगळ्यात जड भाग आहे. वैनगंगेवरच्या या धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा, अडीच लाख हेक्टर भिजवण्याचा. पुढे हे धरण राष्ट्रीय प्रकल्प झाले आणि खर्च १८ हजार कोटींच्या वर गेला. कुही तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली, माणसे नव्या वसाहतींत गेली. भिवापूरकडे पाणी उचलून देणारी मोखाबर्डी योजना याच प्रकल्पाचा भाग. इतक्या वर्षांत यावर किती प्रश्न, किती लक्षवेधी, किती अर्धा तास चर्चा झाल्या असतील! तरी सिंचनाचा विषय राज्यभर पेटला तो प्रश्नोत्तराच्या तासाने नव्हे. सरकारच्याच आर्थिक पाहणीतल्या एका आकड्याने तो पेटला. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून सिंचनाखालची जमीन जेमतेम ०.१ टक्क्याने वाढली, असे त्यातून दिसले. जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्राने त्यात भर घातली. २०१२च्या सप्टेंबरात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सोडले, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका आली, डिसेंबरचे नागपूर अधिवेशन याच विषयावर तापले आणि वर्षअखेरीस माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. सरकार बदलल्यावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी, गोसीखुर्दच्या कामांवर गुन्हे, आणि २०१९ साली त्याच विभागाने कोर्टात अजित पवारांविरुद्ध पुरावा नसल्याचे सांगणे, हे सगळे झाले.

या घडामोडींतून मी एक गोष्ट घेतो. आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत उत्तरे मिळत होती, पण सुटी सुटी. अमुक कालव्याचे अस्तरीकरण, तमुक गावाचे पुनर्वसन, ‘प्रगतिपथावर’. कोणीतरी दरवर्षीची उत्तरे एकाखाली एक लावली असती, खर्च एका रकान्यात आणि प्रत्यक्ष भिजलेले हेक्टर दुसऱ्यात, तर ०.१ टक्का फार आधी दिसला असता. ते काम कोण्या एका आमदाराचे नाही. ते तालुक्याचे, तिथल्या शिक्षकाचे, वकिलाचे, वार्ताहराचे आहे.

सभागृह उमरेडच्या जवळ, नागपुरात, भरते ते २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारामुळे. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून सरकार वर्षातून काही काळ नागपुरात बसेल आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे होईल, असे त्यात ठरले. १९६०च्या नोव्हेंबरात पहिले अधिवेशन भरले. तेव्हापासून, काही वर्षे सोडता, हिवाळ्यात मंत्रालयाच्या फाइली नागपुरात येतात, मंत्री रविभवनात, मुख्यमंत्री रामगिरीवर उतरतात, आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत मोर्चे येऊन थांबतात. मोर्चा आणि सभागृह यांच्यात तुटलेल्या संवादाची सर्वांत भयानक किंमत २३ नोव्हेंबर १९९४ला मोजली गेली. मागणी ऐकून घ्यायला कोणी मंत्री समोर येत नाही म्हणून ताटकळलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली, त्यांत बाया आणि लेकरे पुष्कळ. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. झिरो माइलजवळ स्मारक आहे. ज्यांचा प्रश्न आत पोचत नाही ते रस्त्यावर उभे असतात, हे नागपूरकराने तरी विसरू नये.

कोरोनाच्या दोन वर्षांत हिवाळी अधिवेशन मुंबईतच झाले. आणि २०२४चे काय झाले ते उमरेडकरांनी नीट ध्यानात ठेवावे. मार्चमध्ये आमदार राजू पारवे यांनी राजीनामा दिला, काँग्रेस सोडून शिवसेनेत जाऊन रामटेकची लोकसभा लढवली आणि हरले. विधानसभेची मुदत थोडीच उरली असल्याने पोटनिवडणूक झाली नाही. २७ जून ते १२ जुलै हे पावसाळी अधिवेशन उमरेडच्या आमदाराविना पार पडले. नोव्हेंबरमध्ये संजय मेश्राम निवडून आले. डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरले, पण ते सहा दिवसांचे, आणि मंत्र्यांचे खातेवाटप झाले ते अधिवेशन संपल्यानंतर, २१ डिसेंबरच्या रात्री. कोणत्या खात्याचा मंत्री कोण हेच ठरले नसेल तर प्रश्न कोणाला विचारायचा? म्हणजे राजीनाम्यापासून २०२५च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत, जवळजवळ वर्षभर, उमरेडच्या आमदाराच्या नावाने एकाही मंत्र्याकडून सभागृहात उत्तर घेण्याची सोय नव्हती. दुसऱ्या मतदारसंघाचा आमदार उमरेडबद्दल विचारू शकतो, आणि विधान परिषदेचे सदस्यही. पण नोव्हेंबरपर्यंत मतदार ज्याला धरून विचारू शकतो असा माणूस सभागृहात नव्हता. पक्षांतराची चर्चा आपण निष्ठा आणि गद्दारी या भाषेत करतो. हिशेब मात्र या रिकाम्या अधिवेशनाचा झाला पाहिजे.

प्रश्न विकलेही गेले आहेत. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने ११ खासदारांना काढून टाकले, त्यांत आपल्या खानदेशातले दोन होते, वाय. जी. महाजन आणि एम. के. अण्णा पाटील. याउलट सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधी बाकावर बसले आणि पाण्याचा विषय त्यांनी दशकानुदशके सोडला नाही. मधू लिमये पुण्याचे, निवडून आले बिहारमधून, आणि नियमावली हातात धरून त्यांनी मोठमोठ्या मंत्र्यांना उभे केले. दोघांकडेही सत्ता जवळजवळ नव्हती. चिकाटी आणि कागद होते.

सभागृहात मंत्री ‘तीन महिन्यांत करू’ म्हणाला की ते आश्वासन नोंदले जाते आणि आश्वासन समितीकडे जाते. ही समिती विधिमंडळाचीच. बातम्यांत ती क्वचित दिसते, पण मंत्र्याने दिलेल्या शब्दाचे पुढे काय झाले हे खात्याला विचारण्याचा अधिकार तिला आहे. लोकसभेत अशा पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची धरतात. आमदाराने निवडून आल्यावर आपल्या मतदारसंघातल्या आधीच्या आमदारांना मिळालेली आश्वासने, पक्ष न बघता, मागवून घ्यावीत असे मला वाटते. राजू पारवे किंवा त्याआधी सुधीर पारवे यांना मिळालेले उत्तर त्यांचे खाजगी नाही, ते उमरेडचे आहे.

आणि आमदाराने नाही केले तर? माहिती अधिकाराच्या २००५च्या मूळ कायद्यातच असे लिहिले होते की जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारू नये. भिवापूरच्या मिरची उत्पादकाला मोखाबर्डीबद्दल सभागृहात मिळालेल्या उत्तराचा क्रमांक आणि दिनांक माहीत असेल, तर त्या उत्तरात दिलेल्या मुदतीनंतर काय झाले हे तो स्वतः विचारू शकतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. फी दहा रुपये. अर्ज जलसंपदा विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, आणि त्यात उत्तरातले वाक्य जसेच्या तसे लिहून त्याखाली एवढेच विचारावे की ते काम कोणत्या तारखेला पूर्ण झाले आणि कोणत्या गावाचे किती हेक्टर भिजले.