मीठ धातूसारखे वागते तेव्हा

मिठाचा कोरडा खडा वीज वाहू देत नाही. पाण्यात विरघळलेले मीठ वीज वाहते, पण तिथे धावतात ते सुटे झालेले आयन. खड्यात आयन जागेला खिळलेले असतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्याशी बांधलेले. हे बंधन सोडवायला आठ इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये हीच ऊर्जेची दरी फक्त १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे.

मिठासारख्या क्षारातली ही दरी बुजवण्याचा एक मार्ग म्हणजे दाब. अणू एकमेकांच्या इतके जवळ रेटायचे, की शेजाऱ्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या हद्दीत शिरतील. दरी अरुंद होत जाते आणि अखेर मिटते. मग इलेक्ट्रॉन एका आयनाचा न राहता साऱ्या स्फटिकाचा होतो. धातूत नेमके हेच घडत असते.

१९५६ साली कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत आल्डर आणि ख्रिश्चन यांनी सीझियम आयोडाइडसारख्या क्षारांवर आघात-तरंग सोडले. दाब सुमारे अडीच लाख वातावरणांपर्यंत चढला आणि निमिषभरात क्षारांची वाहकता प्रचंड वाढली. पण आघात नुसता दाबत नाही, तापवतोही. सायकलमध्ये भराभर हवा भरताना पंप गरम होतो, तसेच हे. मग इलेक्ट्रॉन सुटले ते दरी मिटली म्हणून, की उष्णतेने त्यांना दरीपलीकडे उडवले म्हणून?

उत्तरासाठी उष्णता बाजूला काढावी लागली. १९९८ साली जपानमध्ये एरेमेट्स आणि सहकाऱ्यांनी सीझियम आयोडाइड हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये हळूहळू दाबले. ते धातू झाले, पण सुमारे ११ लाख वातावरणांच्या दाबाला! म्हणजे अडीच लाखांवर दिसलेल्या वाहकतेत उष्णतेचा वाटा मोठा होता. त्याहून अधिक दाबाखाली, २ केल्विनच्या खाली थंड केल्यावर तोच क्षार अतिवाहकही झाला, म्हणजे वीज विनारोध वाहू लागला.

आघाताची उष्णता आवरण्याची युक्तीही निघाली. १९९६ साली लिव्हरमोरमध्येच वीर, मिचेल आणि नेलिस यांनी क्षाराऐवजी दुसरा एक दुर्वाहक, द्रव हायड्रोजन, नीलमण्याच्या दोन चकत्यांमध्ये ठेवला. आघात-तरंग दोन्हींवर पुन्हापुन्हा आपटत राहिला, त्यामुळे एका मोठ्या धक्क्याऐवजी लहान-लहान धक्के बसले आणि तापमान सुमारे ३,००० केल्विनपर्यंतच चढले. १४ लाख वातावरणांच्या दाबाला हायड्रोजन धातूसारखा वीज वाहू लागला.

गुरू ग्रहाच्या पोटात असाच हायड्रोजन आहे आणि त्याच्या घुसळणीतून गुरूचे चुंबकीय क्षेत्र उपजते, असे मानले जाते. शाळेच्या पुस्तकातली सुवाहक-दुर्वाहकांची यादी खरी आहे, पण ती एका वातावरणाच्या दाबाखाली केलेली यादी आहे.