चाचणीचा अर्ज कोणाकडे करायचा?

जुन्नरच्या पश्चिमेला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी घाटघर हे गाव आहे. तेथून जवळच, नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणे यांचा हिशेब त्यात आकड्यांनी मांडलेला असून भारतातील अंकांच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्याची गणना होते. ज्या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर हिशेब कोरला गेला, तेथील तिसरीतल्या एखाद्या मुलाला आज ३ आणि ६ हे आकडे उलटसुलट दिसू लागले, तर त्याच्या आईबापांनी कोणाकडे जावे?

असे मूल बुद्धीने कमी असते असे मुळीच नव्हे. तोंडी विचारले तर ते बाजाराचा हिशेब बिनचूक सांगते. पुस्तक उघडले की ‘घ’ आणि ‘ध’ यांपाशी अडते. गुरुजी म्हणतात, लक्ष देत नाही. घरचे म्हणतात, नशिबात शिक्षण नाही. प्रत्यक्षात ती विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. किंवा नजर अधू असेल, ऐकू कमी येत असेल, अथवा घरची बोली आणि पुस्तकातील भाषा यांतले अंतर त्याला पेलत नसेल. यांपैकी कारण कोणते, हे रीतसर चाचणीवाचून कळत नाही. आणि कारण कळल्यावाचून उपाय सापडत नाही.

कायद्याने या मुलाकडे दुर्लक्ष केलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे गणली असून अध्ययन अक्षमता त्यांत आहे. ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन योजावे, हे कलम १६ अन्वये शाळांचे कर्तव्य ठरते. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक तपासणी करावी, असे केंद्राच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. शाळाशाळांतून मुलांची तपासणी करणारी त्याची पथके आहेत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने सिद्ध केलेल्या चाचण्या २०१५ पासून मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांतील प्राथमिक तपासणी वर्गशिक्षकाला करता येते.

मग अडते कोठे? कलम १६ कर्तव्य सांगते, पण मुदत सांगत नाही. ‘माझ्या मुलाची तपासणी करा’ असे बापाने तोंडी म्हणावे आणि ‘मोठा झाला की सुधारेल’ असे तोंडी उत्तर मिळावे, की प्रकरण तेथेच मिटते. तोंडी नकारावर अपील नसते. स्वतःच तज्ज्ञ गाठायचा म्हटले, तर घाटघरहून आधी जुन्नर आणि मग पुणे. भातलावणीच्या दिवसांत एवढ्या खेपा हातावर पोट असणाऱ्याला कशा परवडाव्यात? इकडे २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाल्या आहेत. ज्याची अडचण कोणी ओळखलीच नाही, त्या मुलाच्या माथी नापासाचा शिक्का बसण्याचे भय यामुळे वाढले आहे.

या प्रश्नाची जाण महाराष्ट्राला पूर्वीपासून आहे. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास राज्याने १९९६ सालीच आरंभ केला. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्थाही मुंबईत त्याच वर्षी उभी राहिली. परंतु सवलतीला प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राला चाचणी लागते, आणि चाचणीचे तज्ज्ञ मुख्यतः शहरांत असतात. शहरातील जाणता पालक पाठपुरावा करतो. डोंगरातील पालकाला आपण काय मागावे हेच ठाऊक नसते. अमेरिकेत १९७५ साली दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. तेथे पालक चाचणी मागू शकतात. त्यांची संमती मिळाल्यापासून सामान्यतः साठ दिवसांत ती पूर्ण करावी लागते आणि नकार द्यायचा तर तो कारणांसह लेखी द्यावा लागतो.

एवढे आपल्यालाही अशक्य नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे; अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळाली नाही, तर नागरिकाला अपील करता येते. मुलाच्या चाचणीची मागणी ही अशीच सेवा मानावी. प्रत्येक शाळेत अर्जाचा एकपानी नमुना असावा; मुख्याध्यापकाने त्याची पोच द्यावी; ठरलेल्या दिवसांत प्राथमिक तपासणी व्हावी; आणि पुढील चाचणीसाठी तज्ज्ञांनीच महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी यावे. अर्ज लिहिता न येणाऱ्या पालकाचे म्हणणे शिक्षकाने लिहून घ्यावे.

शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, ही तक्रार खरी आहे. तो हलका केल्याशिवाय नवे काम लादणे न्याय्य ठरणार नाही. मुलावर शिक्का बसेल ही भीतीही खोटी नाही. पण चाचणी न झालेल्या मुलावरही शिक्का बसतोच. तो ‘ढ’ या अक्षराचा असतो आणि त्याला कोणतीही सवलत जोडलेली नसते. त्यापेक्षा एका कागदाची पोच बरी. ती हाती असलेला बाप निदान तारीख विचारू शकेल.